अडीचशे, चारशे, साडेसातशे

लोहारा-उमरगा पट्ट्यातल्या सास्तूर, राजेगाव, होळी अशा गावांत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. सरळ, रुंद रस्ते, काटकोनात फुटणारी वळणं, एका मापाच्या घरांच्या ओळी. पुण्या-सोलापूरच्या कडेची एखादी सोसायटीच म्हणावी, तर दारात म्हैस बांधलेली आणि मोकळ्या प्लॉटवर कडब्याची गंजी. धाराशिव जिल्ह्यात शहर वाढून अशा वसाहती झाल्या नाहीत. भूकंपाने पाडलेली गावंच इथे शहरी आखणीवर नव्याने बसवली गेली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. किल्लारीच्या नावाने ओळखला जाणारा हा भूकंप रिश्टर मापनावर साडेसहाच्या आतलाच. तरी त्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून आठ-दहा हजार माणसं नेली. जीव घेतला तो घरांनी. दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी दांड्या आणि त्यांवर फूट-दीड फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या क्षेत्रात होता, त्यामुळे भूकंप सोसेल अशी बांधणी करण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला आणि दोन्ही जिल्ह्यांतली मिळून 52 गावं नव्या जागी हलवली. अनेक गावं देणगीदार संस्थांनी बांधून दिली. घराचं माप ठरलं सातबाऱ्यावरून. भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्यावरच्याला 750. जमीन गुंठ्यात मोजणाऱ्या माणसाला 250 फूट म्हणजे पाव गुंठाही नव्हे. घराभोवती मोकळी जागा मात्र सुटली, आणि पुढचं सगळं त्या जागेवर घडलं.

आधी गेलं काय, ते पाहू. जुन्या वाड्यात शिरलं की ढाळज लागायची. परका पाहुणा, हिशेबाला आलेला सालगडी, पत्ते कुटणारी म्हातारी माणसं यांची सोय तिथेच व्हायची आणि आतल्या चौकात बायकांना मोकळेपणा मिळायचा. धान्याला बळद होतं, पेव होतं, जनावरांना गोठा होता. नव्या घराचं दार उघडलं की नजर थेट चुलीपर्यंत. ज्वारीची पोती ठेवायची कुठे, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नव्हता. भावकीच्या गल्ल्या मोडल्या, कारण ओळी लागल्या त्या घराच्या मापाने. गाव आधीच्या कैकपट जागेवर पसरलं. गल्लीत हाक मारली की ओ देणारी शेजारीण आता चार रस्ते पलीकडे गेली.

तक्रारी होत्या, पण सिमेंटच्या छताखाली निर्धास्त झोप लागते हेही खरं होतं. महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या लोकांना दगडाची धास्ती बसली होती. ती ओसरू लागली तशी घरं वाढू लागली. पुढे पत्र्याची पडवी आली, मागे न्हाणी, बाजूला गोठा, लेकाच्या लग्नाला एक खोली. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातले दगड ट्रॅक्टरने आणून कंपाउंडच्या भिंती उठल्या. कुणी पुढच्या पडवीला बाक टाकला आणि ढाळज परत आली.

घरं अशी वाढणं काही इथलंच नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन वसलं. 1947 पासून चारेक वर्षांत सतरा हजारांवर घरं उठली, सगळी एका साच्याची आणि सुरुवातीची साधारण साडेसातशे चौरस फुटांची. तिथल्या कुटुंबांनीही माळे चढवले, खोल्या जोडल्या. आज मूळ रूपातलं घर तिथे शोधावं लागतं. साच्यातलं घर मिळालं की माणूस त्याला आपल्या संसाराच्या मापाचं करून घेतोच.

आता मुद्दा या वाढीव खोल्यांचा आहे. सरकारने दिलेलं घर भूकंपाच्या हिशेबाने बांधलेलं. त्याला चिकटलेली खोली कुठल्या हिशेबाने? अनेक ठिकाणी भिंतीला ना लिंटेलचा पट्टा, ना कोपऱ्यात सळई. खरं तर ही विद्या याच भागात शिकवली गेली होती. जी गावं हलली नाहीत, तिथली सुमारे दोन लाख घरं मालकांनी स्वतः सरकारी अनुदानातून दुरुस्त केली. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार दगड घालायचे, लिंटेलच्या पातळीवर पट्टा ओतायचा, हे गवंड्यांनी हाताने केलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने नेमलेल्या ‘संवाद सहायक’ बायकांनी हे तंत्र घरोघर समजावलं.

लोहारा 1999 मध्ये तालुका झाला, जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं. 1993 नंतर जन्मलेली मुलं आता स्वतःची घरं बांधताहेत. वाढीव खोलीला चार सळया आणि एक पट्टा यांचा खर्च एकूण बांधकामात फारसा नसतो. ग्रामपंचायतीने बांधकामाची परवानगी देताना एवढं एक पाहिलं, तरी तीस वर्षांपूर्वीची ती शिकवणी वाया जाणार नाही.