प्रतिज्ञेच्या वेळी कूलर बंद

लग्नाच्या शूटिंगला निघताना फोटोवाल्याच्या डोक्यात यादी पक्की असते. सीमांतपूजन, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, कानपिळी. साताऱ्याहून नागपुरात कामाला आलो तेव्हा माझी भिस्त याच यादीवर होती. पहिलं काम मिळालं ते उत्तर नागपुरात, इंदोऱ्याजवळच्या एका हॉलमध्ये, बौद्ध कुटुंबातल्या लग्नाचं. आदल्या संध्याकाळी स्टुडिओतल्या जुन्या सहकाऱ्याने यादी मागून घेतली आणि जवळपास सगळी खोडली. "यातलं काही नाही होत जी तिथं. प्रतिज्ञा धरा. ती सुटली म्हणजे लग्न सुटलं."

मे महिना. हॉलच्या चारही बाजूंना माणसाच्या उंचीचे कूलर. वाळ्याचा ओला वास छान येतो, पण त्यांची घरघर माइकमध्ये भरली की बाकी काही ऐकू येत नाही. इतर लग्नांत ते खपून जातं, मंगलाष्टकं आणि बँड तिला पुरून उरतात. इथं वर-वधूने स्वतःच्या तोंडाने बोलायचं असतं. म्हणून साउंडवाल्या पोराने दोघांना कॉलर माइक लावले आणि वधूच्या मामेभावाला कूलरच्या बटणापाशी बसवलं. खूण झाली की बंद.

दुसरी पंचाईत रंगाची. वर पांढऱ्या कुर्त्यात, वधू पांढऱ्या साडीत, मागचा पडदाही पांढरा. कॅमेऱ्यावर सोपवलं तर तो पांढऱ्याचं राखाडी करतो. उजेड बेताबाहेर वाढवला तर साडीची वीणच पुसली जाते. मी चेहऱ्यावरचा उजेड मोजला आणि तोच कायम ठेवला.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागल्या. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं आणि अख्खा हॉल उभा राहिला. आचारीसुद्धा हात पुसत भटारखान्याच्या दारात येऊन उभे. दुपारभर पंगतीच्या चिंतेत असलेली ती माणसं पालीतले शब्द बिनचूक म्हणत होती.

मग मामेभावाने बटण दाबलं. आधी वराने, मग वधूने प्रतिज्ञा घेतल्या. पत्नीचा मान राखेन, तिचा अपमान करणार नाही, एकनिष्ठ राहीन, घरचा कारभार तिच्या हाती देईन... याचं मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. सिगाल नावाच्या तरुणाला बुद्धाने पती-पत्नीची कर्तव्यं सांगितली, ती तिथे येतात. 'अपमान' या शब्दाशी वराचा आवाज अडखळला. त्याने थांबून वाक्य पुन्हा म्हटलं. घामाने निथळणाऱ्या त्या गर्दीतून कोणी कूलर लावा म्हणालं नाही.

दोघांच्या मध्ये स्टुलावर पाण्याने काठोकाठ भरलेलं नवं मडकं होतं. त्यात सोडलेल्या सुताचं एक टोक वराच्या हाती, दुसरं वधूच्या. सगळ्याच लग्नांत हे दिसत नाही. इथे वराच्या आजोबांचा आग्रह होता. माझी नजर पाहून ते म्हणाले, "काऊन पाहून राहिले भाऊ? बाबासाहेबांनीच सांगितलं हाये हे."

खरंच सांगितलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ डिसेंबरला, बाबासाहेबांनी एका कार्यकर्त्याला पत्रातून बौद्ध विवाहाचा विधी कळवला: होम नाही, सप्तपदी नाही, नवं मडकं, पाणी, सूत, मंगलसुत्त आणि दोघांची पांढरी वस्त्रं. ६ डिसेंबरला ते गेले. प्रकृती ढासळलेली असताना, आपल्या लोकांची लग्नं कशी लागावीत हे सांगायला त्यांनी वेळ काढला. कुणालाही कर्ज काढावं लागू नये, इतका साधा हा विधी आहे. पुढे मी लाखोंच्या सजावटीची लग्नं टिपली, ड्रोन उडवले, धुरातल्या एंट्र्या काढल्या. दोन हातांमधल्या त्या ओल्या सुताच्या तोडीचा फोटो त्यांत एकही नाही.

नागपुरात अशा लग्नाची पत्रिका आली तर दिलेल्या वेळेला पोहोचा. हातात अक्षता नव्हे, फुलांच्या पाकळ्या मिळतील. वंदनेला उभे राहा. प्रतिज्ञा सुरू झाल्या की मोबाइल खिशात ठेवा, फोटोवाला आहेच. आणि जेवून निघा. तसं न जेवता तुम्हाला कोणी सोडणारही नाही.