जुना रेकॉर्डर सुरू का होत नाही? गैरसमज आणि वस्तुस्थिती

आजीच्या ओव्या, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, कुणाच्या तरी मुंजीतला गोंधळ. असं बरंच काही मराठी घरांच्या माळ्यावर कॅसेटींच्या खोक्यात पडून आहे. ते ऐकायचं म्हणून जुना रेकॉर्डर खाली काढला जातो, नवे सेल घातले जातात आणि बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. मग ‘मोटार जळाली’, ‘आयसी उडाला’, ‘आता पार्ट मिळत नाहीत’ अशी निदानं होतात आणि यंत्र भंगारवाल्याकडे जातं.

फार वेळा दोष इतका मोठा नसतो. सेलपासून सर्किट बोर्डापर्यंतची वाट वीतभरही नसते, आणि वीज तिथेच कुठेतरी अडलेली असते. ती कुठे अडली हे शोधता येतं, पण त्याआधी काही ठाम समजुती बाजूला ठेवाव्या लागतात.

गैरसमज 1 : लाल दिवा लागतो, म्हणजे सेल चांगले आहेत.

वस्तुस्थिती : लाल दिव्याला पाच-दहा मिलिअँपिअर पुरतात. फीत ओढणाऱ्या मोटारीला त्याच्या कित्येक पट जास्त प्रवाह लागतो आणि सुरू होतानाच्या झटक्यात तर आणखीच. अर्धमेला सेल दिवा लावतो, पण मोटारीपुढे हात टेकतो. नुसता सेल मीटरला लावून ‘दीड व्होल्ट दाखवतोय की’ म्हणण्यातही हीच चूक आहे. भार नसताना थकलेला सेलही चांगला आकडा दाखवतो.

मोजायचं ते प्लेचं बटण दाबलेलं ठेवून. दोन पेन्सिल सेलचा वॉकमन घ्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रोब आधी सेलच्या टोकांना लावा. समजा 2.9 व्होल्ट आले. आता बोर्डावर जिथे लाल-काळ्या वायरी झाळलेल्या असतात, तिथे तेच मोजा. तिथेही 2.9च्या जवळपास असेल तर वाट मोकळी आहे आणि दोष पुढे आहे. तिथे 2.1 आले तर 0.8 व्होल्ट वाटेतच गळाले: गंजलेली स्प्रिंग, आतून कुजलेली वायर किंवा मळलेला स्विच. आणि प्ले दाबताच सेलच्या टोकांवरच आकडा कोसळला, तर एकतर सेल संपले आहेत किंवा पुढे काहीतरी अडकून मोटार भलताच प्रवाह ओढते आहे.

गैरसमज 2 : सेल उन्हात ठेवले की पुन्हा चार्ज होतात.

वस्तुस्थिती : क्रिकेटची कॉमेंट्री मधेच बंद पडू नये म्हणून ट्रान्झिस्टरचे सेल अंगणात वाळवणाऱ्यांची एक पिढीच आपल्याकडे होऊन गेली. उन्हाने सेलमधली रासायनिक क्रिया थोडा वेळ जलद होते, म्हणून तो काही मिनिटं तरतरीत वाटतो. संपलेलं जस्त मात्र उन्हाने परत येत नाही. उलट आतला दाब वाढून सेल फुटण्याची शक्यता वाढते.

सेल जमिनीवर टाकून उसळी पाहण्याची युक्तीही अर्धीच खरी. अल्कलाइन सेल वापरत गेलं की जास्त उसळतो हे बरोबर. पण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं, की सेलची निम्मी ताकद शिल्लक असतानाच ही उसळी कमाल पातळीला पोचते. म्हणजे उसळणारा सेल नवा नाही एवढंच कळतं. तो संपला असं ठरत नाही.

गैरसमज 3 : सेलमधून ॲसिड गळतं, म्हणून खाण्याचा सोडा लावून पुसावं.

वस्तुस्थिती : अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते आम्ल नाही, तीव्र अल्क आहे. बाहेर आल्यावर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि पांढऱ्या पिठासारखा थर बनतो. त्यावर सोडा म्हणजे अल्कावर अल्क. इथे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो: कापसाच्या काडीला थोडासा, थेंब आत ओघळणार नाही इतका. मग पाण्याने किंचित ओल्या काडीने पुसायचं, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे रसायन त्वचा आणि डोळे जाळतं. जुने स्वस्त कार्बन-झिंक सेल वेगळे. त्यांच्यातला द्राव सौम्य आम्लधर्मी असतो. तिथे सोड्याच्या पाण्याचा उपयोग होतो.

खरं नुकसान बहुधा कप्प्याच्या पलीकडे असतं. अल्कलाइन सेलचं सील ऋण टोकाला असतं, म्हणून गळती तिथून सुरू होते. आधी स्प्रिंग हिरवट-निळी पडते आणि मग द्राव काळ्या वायरीच्या प्लॅस्टिकखालून तांब्याच्या तारांतून पुढे चढत जातो. बाहेरून वायर धडधाकट दिसते. तिचं टोक थोडं सोलून पाहा: तांबं लखलखीत असेल तर ठीक, काळपट असेल आणि झाळच धरत नसेल, तर सबंध वायर बदलावी.

स्प्रिंग घासायला सँडपेपर नको. त्यावरचा निकेलचा मुलामा निघून जातो आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात ती पुन्हा गंजते. पेन्सिलचा खोडरबर पुरतो. डब्ल्यूडी-40चा नेहमीचा डबाही इथे कामाचा नाही. ते पाणी हटवणारं तेलकट मिश्रण आहे, मागे थर सोडतं आणि त्यावर धूळ बसते. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

गैरसमज 4 : अडॅप्टरवर चालतो, सेलवर चालत नाही, म्हणजे सर्किट गेलं.

वस्तुस्थिती : सर्किट गेलं असतं तर अडॅप्टरवरही चाललं नसतं. अडॅप्टरची पिन जिथे घुसते त्या सॉकेटमध्ये एक छोटी पितळी पट्टी असते. पिन आत गेली की ती पट्टी बाजूला होते आणि सेलचा प्रवाह तुटतो. पिन काढली की पट्टी परत टेकते. वर्षानुवर्षं न वापरलेल्या रेकॉर्डरमध्ये ती टेकते, पण तिच्यावर काळपट थर साचलेला असतो. रेकॉर्डर बंद ठेवून, सेल काढून सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडा आणि तारेला काहीही न जोडलेली पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा. पुष्कळदा दुरुस्ती एवढीच असते.

असाच चकवा जुन्या कॅसेट रेकॉर्डरच्या माइकच्या भोकाशेजारी असतो. तिथे 2.5 मिलिमीटरचं आणखी एक बारीक भोक दिसतं. माइकवरच्या बटणाने मोटार थांबवता-चालवता यावी म्हणून ते दिलेलं असे. त्याच्या आतली पट्टी मळली की स्पीकरमधून खरखर येते, पण फीत फिरत नाही. लोक ‘मोटार गेली’ म्हणतात. खरं तर मोटारीपर्यंत वीज पोचलेलीच नसते.

वीज पोचूनही मोटार गप्प असेल तर रबरी पट्टा पाहावा. जुने पट्टे वितळून डांबरासारखे होतात, पुलीला चिकटतात आणि मोटारीला जखडून ठेवतात. शिवाय यंत्रात ‘होल्ड’ची कळ असेल तर ती आधी बघा. ती सरकलेली असली की धडधाकट यंत्रही प्रतिसाद देत नाही.

गैरसमज 5 : पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो, आणि जास्त अँपिअरचा असेल तर यंत्र जळतं.

वस्तुस्थिती : दोन्ही विधानं उलटी आहेत. अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टर जास्तीत जास्त किती प्रवाह देऊ शकतो ते. रेकॉर्डर त्याला हवा तेवढाच ओढतो. त्यामुळे अर्ध्या अँपिअरच्या जागी दोन अँपिअरचा लावला तर बिघडत नाही. बिघडतं ते व्होल्ट आणि ध्रुव चुकल्याने.

व्होल्टचा अंदाज पिनवरून बांधता येत नाही. 1979चा सोनीचा पहिला वॉकमन दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे 3 व्होल्टवर चाले. बातमीदार आणि संगीतप्रेमी वापरत तो डब्ल्यूएम-डी6सी चार सेलवर, 6 व्होल्टवर. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेल्या पहिल्या कॅसेट रेकॉर्डरला पाच सेलचे साडेसात व्होल्ट लागत. चित्रपटांच्या चित्रीकरणात गाजलेल्या नाग्रा यंत्रात टॉर्चचे बारा मोठे सेल बसत, म्हणजे 18 व्होल्ट. मोबाइलचा चार्जर देतो 5 व्होल्ट. त्याची वायर कापून 3 व्होल्टच्या वॉकमनला जोडणं म्हणजे त्याला मारणंच.

ध्रुवांची खूण यंत्रावर छापलेली असते: मधे ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन्हीकडे अधिक-उणे. आज बहुतेक अडॅप्टरांत मधला ध्रुव धन असतो. जुन्या जपानी यंत्रांत पुष्कळदा तो ऋण असे. उलटं जोडल्यावर काही यंत्रांत संरक्षक डायोड सगळा प्रवाह स्वतःवर घेतो आणि फ्यूज उडतो. एवढ्यावर निभावलं तर नशीब. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरची आणखी एक खोड असते: भार नसताना तो छापलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त व्होल्टेज देतो. म्हणून लावण्याआधी मीटरने पाहावं. आणि आवाजात घुमारा येत असेल तर सेलवर चालवून बघा. सेलवर घुमारा गेला तर दोष अडॅप्टरच्या बाजूचा आहे, रेकॉर्डर उघडण्याची गरज नाही.

गैरसमज 6 : रिचार्जेबल सेल कमी ताकदीचे, जुन्या यंत्राला चालत नाहीत.

वस्तुस्थिती : निकेल-मेटल हायड्राइड सेलवर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून हा समज. पण अल्कलाइनचे दीड व्होल्ट सुरुवातीचे; वापरात ते सतत उतरत जातात आणि सेलचं बरंच आयुष्य 1.2च्या आसपास किंवा त्याखाली जातं. निकेलचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत 1.2 धरून ठेवतो आणि मोठा प्रवाहही न कुरकुरता देतो. डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) किंवा मिनीडिस्कसारख्या खादाड यंत्रांना तर हाच बरा. दोन गोष्टी मात्र खऱ्या. यंत्राचा बॅटरी-दर्शक अल्कलाइनच्या हिशोबाने बनवलेला असल्यामुळे तो लवकर ‘संपली’ म्हणतो. आणि काही रिचार्जेबल सेलचं धन टोक इतकं बसकं असतं, की खोलगट पट्टीला ते टेकतच नाही.

खरा धोका दिसायला सारख्या सेलचा आहे. 14500 नावाचा लिथियम-आयन सेल हुबेहूब पेन्सिल सेलएवढा असतो, पण देतो 3.7 व्होल्ट आणि पूर्ण चार्ज असताना 4.2. असे दोन सेल 3 व्होल्टच्या वॉकमनमध्ये गेले तर 8 व्होल्टच्या वर जातात. आकार पाहू नका, छापलेले व्होल्ट वाचा. नवे-जुने सेल एकत्रही घालू नका: आधी संपलेल्या सेलमधून बाकीचे उलटा प्रवाह ढकलतात आणि तो गळतो.

गैरसमज 7 : जुनं यंत्र म्हटलं की आधी सगळे कपॅसिटर बदलावेत.

वस्तुस्थिती : 1980च्या दशकाची अखेर आणि 1990च्या दशकाची सुरुवात या काळातले बोर्डाला चिकटून बसणारे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर खरोखर गळतात आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातात. त्या काळातल्या यंत्राबाबत ही शंका रास्त आहे. पण सेलची स्प्रिंग न तपासता बोर्डाला झाळणी लावणं म्हणजे सुस्थितीतल्या रेषा उखडण्याचा धोका पत्करणं. कपॅसिटरची पाळी शेवटी यावी.

गैरसमज 8 : रेकॉर्डिंग होऊन गेलं, आता वीज गेली तरी काय?

वस्तुस्थिती : कॅसेटच्या बाबतीत हे खरं आहे, जेवढी फीत पुढे गेली तेवढा आवाज उमटलेला असतो. मिनीडिस्कचं तसं नाही. रेकॉर्डिंग थांबवल्यावर ते यंत्र डिस्कवर अनुक्रमणिका लिहितं. ती लिहून होण्याआधी सेल मान टाकतो तेव्हा आवाज डिस्कवर असूनही यंत्राला ती कोरी दिसते. म्हणून पडद्यावरची ‘टीओसी’ची, म्हणजे या अनुक्रमणिकेची, अक्षरं जाईपर्यंत यंत्राला हात लावू नये.

तपासणीचा क्रम

आधी होल्डची कळ. मग माहीत असलेले चांगले, एकाच जातीचे सेल. मग कप्प्यातल्या पट्ट्या आणि स्प्रिंग. मग अडॅप्टरचं आणि माइकशेजारचं भोक. त्यानंतर प्ले दाबून सेलवर आणि बोर्डावर व्होल्ट. मग पट्टा, मोटार आणि सर्वांत शेवटी बोर्ड. ज्या रेकॉर्डरची वायर थेट भिंतीतल्या प्लगला जाते, त्याच्या आत 230 व्होल्ट असतात. तो उघडण्याचं काम जाणत्या कारागिराकडेच द्यावं. फुगलेली लिथियम बॅटरीही टोचू किंवा दाबू नये. ती ई-कचऱ्यात द्यावी.

यंत्र सुरू झालं म्हणून लगेच आजीची कॅसेट त्यात घालू नका. आधी एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहा. नुकतंच जागं झालेलं यंत्र फीत गुंडाळून खाऊ शकतं. आणि घरात बंद पडून असलेले जितके रेकॉर्डर, ट्रान्झिस्टर, टॉर्च असतील, त्यांच्यातले सेल आजच काढून ठेवा. ही यंत्रं वापरून बिघडतात त्याहून जास्त आत विसरलेल्या सेलांनी बिघडतात.