शेण घालण्याआधी पाणी घाला

आमच्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. “गोबरगॅस बांधला, रोज शेण कालवून घालतोय, तरी शेगडी दहा मिनिटांत बसते. असं का?” आणि उत्तर देणारे तयारच असतात. तुम्ही शेण कमी घालता, पाणी जास्त घालता, थंडी पडलीय. थंडीत गॅस कमी होतो हे खरंच आहे. पण दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, आणि ते जर नीट पडत असेल, तर बाईच्या हाताला दोष देण्याआधी एक गोष्ट बघायला हवी. गॅस तयार होतोय आणि वाटेतच निसटतोय का?

आपल्याकडे आता बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या घुमटाची, दीनबंधू पद्धतीची टाकी बांधतात. ही रचना १९८४ सालची. तिला वरचं लोखंडी झाकण नसतं, म्हणून ती स्वस्त पडते आणि गंजत नाही. पण गॅस साठतो तो विटा-सिमेंटच्या घुमटातच. गिलाव्याला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस त्यातून जातो आणि वरून काही दिसत नाही. शेण भरल्यावर ती चीर बुजवायची तर सगळी टाकी उपसावी लागते. म्हणून तपासणी करायची ती शेण पडण्याआधी, आणि गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी. गवंडी म्हणेल, “वहिनी, मी शंभर टाक्या बांधल्यात.” बांधल्या असतील. ही एकशे एकावी आहे.

तपासणीला लागतं काय? लेव्हल बघायला गवंडी वापरतात तसली पारदर्शक प्लास्टिकची नळी, दहा फूट. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून खिळ्यांना बांधायची, दोन्ही बाजू सारख्या उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरायचं आणि त्यात चिमूटभर कुंकू टाकायचं, म्हणजे लांबून दिसतं. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत असेल तर दाब नाही. नळीचं एक तोंड गॅसच्या पाइपाला जोडलं आणि आत दाब असला की त्या बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. या दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे दाब. मोजताना दोन्ही बाजू धरायच्या. एकीकडे चार बोटं उतरलं, दुसरीकडे चार बोटं चढलं, तर दाब आठ बोटांचा.

आता टाकी. आधी घुमटावर माती टाकून घ्या. काही गवंडी “दिसू दे की बांधकाम” म्हणून घुमट उघडा ठेवतात, ते ऐकू नका. आतून गॅस वर ढकलतो, त्याला वरून मातीचं वजन लागतं, नाहीतर चांगला घुमटही तडकतो. फक्त मधला गॅसचा पाइप जिथून बाहेर येतो तेवढी जागा मोकळी ठेवा.

मग गॅसचा कॉक उघडा ठेवून टाकीत पाणी भरा. चार हजार लिटरच्या वर लागतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांनी हे काम पावसाळ्यातच धरावं, उगाच उन्हाळ्यात घाट घालू नये. बाहेरच्या हौदाच्या तळापर्यंत पाणी आलं की खडूची खूण करा. पहिले दोन-तीन दिवस नवं बांधकाम पाणी पितं, पातळी उतरते, घाबरू नका. पुन्हा खुणेपर्यंत भरा. त्यानंतरही एका दिवसात पातळी चांगली खाली गेली, तर भिंत किंवा तळ गळतोय. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण पाणीच टिकत नसेल तर दाब कसा टिकणार?

पाणी टिकलं की कॉक बंद करा. कॉकच्या आतल्या बाजूला, म्हणजे घुमटाकडे, टी जोडून आपली नळी लावा आणि हौदातून आणखी पाणी ओता. आत कोंडलेली हवा दाबली जाते, नळीतलं पाणी सरकू लागतं. अंतर तीन फुटांच्या आसपास आलं की थांबा. सकाळी सातला आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच पुन्हा बघा. दुपारी बघू नका, उन्हाने आतली हवा फुगते आणि गळकी टाकीही चांगली दिसते. एक-दोन बोटांचा फरक चालतो. वीतभर उतरलं, तर घुमट किंवा पाइपाचा सांधा गळतोय. आधी सांधा बघा, बहुतेक वेळा चोर तिथेच असतो. पाइपाभोवती ओल्या मातीचं आळं करून पाणी ओता. बुडबुडे आले की सापडलं.

ज्यांची टाकी चालू आहे त्यांनी काय करायचं? शेगडी बंद करा. स्वयंपाकघराच्या टोकाला नळी जोडा, टाकीवरचा कॉक उघडून पाइपात गॅस येऊ द्या, आकडा बघा आणि कॉक बंद करा. अर्ध्या तासात आकडा उतरला तर पाइप गळतोय. जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा फुगेल तो जोड. आकडा हलला नाही तर पाइप चांगला आहे, मग कॉकचा गळा आणि घुमट बघायचा. आमच्या एका वाडीत एका ताईंना घरचे महिनाभर “शेण नीट कालवत नाहीस” म्हणत होते. नळी लावली, तर शेगडीजवळच्या रबरी पाइपाला उंदराने दात लावलेले. पन्नास-साठ रुपयांत काम झालं.

ज्योत थरथरत असेल, विझून पुन्हा पेटत असेल, तर ती गळती नाही. पाइपात पाणी साठलंय. पाणी काढायच्या नळीतून ते सोडून द्या.

दोन गोष्टी मात्र घरातल्या पुरुषांनाही ऐकवा. गळती शोधायला काडी ओढायची नाही. हवेत मिसळलेला गोबरगॅस भडकतो. आणि शेण पडलेल्या टाकीत कुणीही, कितीही थोड्या वेळासाठी, उतरायचं नाही. आत प्राणवायू नसतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो, माणूस शुद्ध हरपून खाली पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. टाकी उपसायची वेळ आली तर जाणकार माणसं बोलवा.

आमच्या गटाने फळीला बांधलेली नळी दोन करून ठेवल्या आहेत. ज्या गटाला हवी असेल त्यांनी बैठकीत नाव सांगून न्यावी, परत आणताना आतलं कुंकवाचं पाणी ओतून नळी धुऊन आणावी.