राजाची मुद्रिका आणि राणीचा सदरा

१६५३ साली आजच्या बेल्जियममधील टूर्ने येथे एका चर्चनजीक खोदकाम चालू असता सोन्याचा जो साठा कुदळीखाली लागला, तो इसवी सनाच्या पाचव्या शतकात निवर्तलेल्या पहिल्या चिल्डेरिक ह्या फ्रँक राजाच्या थडग्यातला होय, हे तेथेच सापडलेल्या मुद्रिकेवरील त्याच्या नावामुळे निर्विवाद सिद्ध झाले. त्या मुद्रिकेवर कोरलेल्या राजाचे केस खांद्यांवर रुळत आहेत, हाती भाला आहे, अंगात मात्र रोमन सेनापतीचे चिलखत आहे. लांब केस हे त्याच्या मेरोव्हिंजियन वंशाचे राजचिन्हच होते. ७५१ साली त्या वंशाच्या शेवटच्या राजास तख्तावरून दूर करण्यात आले तेव्हा त्याचे केस कापून त्याची रवानगी मठात झाली. मूळ मुद्रिका १८३१ साली पॅरिसच्या ग्रंथालयातून चोरीस गेली. आज आपण पाहतो ती तिची प्रतिकृती.

राजा कसा दिसे, यापेक्षा त्याने कोणासारखे दिसावे हेच फ्रँक दरबाराच्या कलेत अधिक आढळते. फ्रँक सम्राट शार्लमेनचा चरित्रकार आयनहार्ट सांगतो की, तागाचा सदरा व विजार, रेशमी काठाचा अंगरखा, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि हिवाळ्यात पाणमांजराच्या कातड्याची बंडी हा फ्रँकांचा देशी पोशाखच सम्राटाला प्रिय असे, परकी वस्त्रांचा त्याला तिटकारा होता. परंतु त्याचाच नातू चार्ल्स द बॉल्ड ह्याला इ. स. ८४५ च्या सुमारास तूर येथील मठाने जे सचित्र बायबल नजर केले, त्यातील चित्रात तो सिंहासनस्थ आहे, मस्तकावर ईश्वराचा हात अवतरला आहे आणि शस्त्रधारी रक्षक रोमन थाटात उभे आहेत. चित्र देखणे आहे. पण माणूस पाहावयाचा तर अन्यत्र जावे लागते.

पॅरिसजवळील शेल येथे राणी बाल्टिल्डचा एक तागाचा सदरा जतन केलेला आहे. ही बाई मूळची इंग्लंडातली. नॉयस्ट्रिया ह्या फ्रँक राज्याच्या राजवाड्याचा कारभारी एर्खिनोआल्ड ह्याच्या घरी ती गुलाम म्हणून विकली गेली, पुढे दुसऱ्या क्लोव्हिसची राणी झाली, आणि पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन पुत्राच्या नावे राज्य चालविताना तिने ख्रिस्ती गुलामांच्या विक्रीस मनाई केली. सदऱ्याच्या गळ्याभोवती रंगीत रेशमाने भरतकाम केले आहे. परंतु ती नेहमीची वेलबुट्टी नव्हे. एकाखाली एक असे हार, त्यांची पदके, छातीवर लोंबणारा क्रूस, असे सारे अलंकार धाग्याने हुबेहूब काढले आहेत. संत एलिजियसच्या उपदेशाने तिने अंगावरचे दागिने उतरविले, ही आख्यायिका या वस्त्राशी जोडली जाते. ती खरी असो वा नसो, सोने टाकूनही सोन्याचा आकार गळ्यात ठेवण्याची ही हौस मला तरी कोणत्याही राजचित्रापेक्षा अधिक बोलकी वाटते.

प्रजेचे दर्शन घडते ते पोथ्यांत. इ. स. ८१८ च्या सुमाराच्या साल्झबर्गच्या एका पंचांगवजा हस्तलिखितात बारा महिन्यांची बारा माणसे रेखाटली आहेत: कोणी शेकोटीवर हात शेकतो, कोणी नांगर धरतो, कोणी कापणी करतो, तर डिसेंबरातला डुक्कर मारतो. शार्लमेनने महिन्यांना जी फ्रँकिश नावे दिली त्यांतलीही काही अशीच शेतीच्या कामांवरून घेतलेली होती, तेव्हा ह्या बाबतीत दरबार व शिवार यांचा हिशेब एकच म्हणावा लागेल.

याहून चमत्कारिक म्हणजे उट्रेख्ट येथील स्तोत्रसंहिता. रेंस परिसरात इ. स. ८२० ते ८३० च्या दरम्यान केवळ तपकिरी शाईने रेखाटलेल्या तिच्या चित्रांत स्तोत्रांतील उपमा शब्दशः उतरविलेल्या आहेत. दुर्जन आपल्या जिभा तलवारीसारख्या पाजळतात, अशा अर्थाच्या स्तोत्रापाशी चित्रकाराने खरोखरच तलवारींना धार लावणारे दोन पक्ष काढले: दुर्जनांच्या हाती साधा निसणा, आणि सज्जनांकडे दांड्याने फिरविण्याचे दगडी चाक. अशा दांड्याच्या युरोपातील सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक मानले जाते, आणि मूळ स्तोत्रात ना ते चाक आहे, ना तो निसणा.