शत्रूच्या घरी शिकायला गेलेला मुलगा

मुलांनो, थंडीच्या दिवसांत मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात, तर एखाद्या गावच्या जत्रेत रात्र जरूर जागवा. देवाची पालखी फिरून येते, खाजाच्या दुकानांवर झुंबड असते आणि मध्यरात्र टळली की देवळापुढे दशावतार सुरू होतो. हातात लिहिलेलं नाटक नाही, बायकांची कामंसुद्धा पुरुषच करणार, संवाद सुचतील तसे. आणि हे थेट उजाडेपर्यंत! सुरुवातीलाच काळ्या वेशातला संकासुर येतो. मालवणीत अशी टोलेबाजी करतो की पेंगुळलेली पोरंही टक्क जागी होतात. पण हा पठ्ठ्या चोर आहे. यानं वेद पळवलेत. शेवटी विष्णू त्याला मारून वेद परत मिळवतो.

विद्या पळवल्याची आणखी एक गोष्ट महाभारतात आहे. तिच्यातला ‘चोर’ मात्र राक्षस नाही. तो आहे देवांच्या गुरूचा, बृहस्पतीचा मुलगा, कच.

देव आणि दानव यांचं युद्ध काही केल्या संपत नव्हतं. दानवांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे संजीवनी विद्या होती. मेलेला दानव मंत्र म्हणताच उठून पुन्हा लढायला हजर! बृहस्पतीला ती विद्या येत नव्हती. मग देवांनी कचाला गळ घातली, ‘तू शुक्राचार्यांचा शिष्य हो. आणि त्यांच्या मुलीला, देवयानीला, प्रसन्न ठेव म्हणजे काम होईल.’ थोरामोठ्यांनी एका पोराला असं काम सांगावं, हे मला तरी बरं वाटत नाही.

कच गेला. पण त्यानं वेश बदलला नाही की खोटं नाव सांगितलं नाही. मी बृहस्पतीचा मुलगा, असं त्यानं सरळ सांगितलं. शुक्राचार्यांनीही त्याला ठेवून घेतलं. गुरूच्या गाई राखायच्या, लाकडं आणायची, देवयानीला फुलं आणून द्यायची, तिला गाणी म्हणून दाखवायची, असं पाचशे वर्षं चाललं. (पुराणातली वर्षं आपल्या वर्षांच्या हिशेबात बसत नाहीत!)

मग दानवांना सुगावा लागला. एका संध्याकाळी गाई एकट्याच घरी आल्या. देवयानी घाबरून वडिलांकडे धावली. दानवांनी कचाला मारून लांडग्यांना खायला घातलं होतं. शुक्राचार्यांनी मंत्र म्हटला, कच जिवंत झाला. दुसऱ्यांदा दानवांनी त्याला मारलं, कुटून समुद्रात मिसळलं. तेव्हाही तो परत आला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी कमालच केली. कचाला जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांनाच पाजलं!

आता आली का पंचाईत? कच गुरूच्या पोटात. त्याला बाहेर काढायचं तर गुरूचं पोट फाटणार. देवयानी म्हणाली, मला दोघंही हवेत. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या कचालाच संजीवनी शिकवली. कच बाहेर आला. समोर गुरू मरून पडलेले.

इथं जरा थांबा. ज्यासाठी आला होता ती विद्या कचाला मिळाली होती. दानवांचा गुरू मेला होता. तसाच घरी निघून गेला असता, तर देवांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण कचानं आयुष्यातला पहिला संजीवनी मंत्र म्हटला, तो शत्रूच्या गुरूला उठवण्यासाठी. मला वाटतं, कच मोठा झाला तो त्या क्षणी.

पुढे निघताना देवयानीनं त्याला लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून जन्मलो, तू माझी बहीण. तिनं संतापून शाप दिला, तुझी विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, हरकत नाही, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. पण रागाच्या भरात त्यानंही उलट शाप दिला, कोणी ऋषिपुत्र तुझ्याशी लग्न करणार नाही. देवयानीची बाजूही विसरू नका हं. प्रत्येक वेळी त्याच्यासाठी रडली तीच.

ही चोरी होती की शिक्षण? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी या कथेवर १९१३ साली संगीत नाटक आणलं, त्याचं नाव ठेवलं ‘विद्याहरण’. त्यांचा रोख होता गुरूची बुद्धी घालवणाऱ्या दारूवर.

आणि आता पुन्हा कोकणात येऊ. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला १९२० साली एक बावीस वर्षांचे शिक्षक आले आणि १९३८ पर्यंत मुलांना शिकवत राहिले. ते म्हणजे वि. स. खांडेकर. पुढे १९५९ साली त्यांची ‘ययाति’ कादंबरी आली. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. महाभारतात कचाचं काम घरी परतून देवांना विद्या शिकवली की संपतं. खांडेकरांनी मात्र त्याला सोडलं नाही. भोगामागे धावणाऱ्या ययातीसमोर त्यांनी कचाला शेवटपर्यंत उभं ठेवलं. ‘ययाति’ जरा मोठे झालात की वाचा. आईबाबांच्या कपाटात बहुधा सापडेलच.