बुरशीचा अर्क आणि पेशींचे मरण : माल भरण्याआधी हे जाणून घ्या

अत्ताराच्या दुकानाला गारीकून नवे नाही. झाडाच्या खोडावर वाढणारी ही बुरशी युनानी औषधांत शतकानुशतके वापरली जाते. पण उद्या कोणी बुरशीच्या अर्काची एजन्सी घेऊन आला आणि 'हा अर्क पेशींचे मरण थांबवतो' असे म्हणाला, तर भांडवल घालण्याआधी त्यामागचे शास्त्र समजून घ्यावे.

आपल्या शरीरातील निकामी पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःला संपवतात. १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी या क्रियेला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. तिच्यामागची जनुके शोधण्याच्या कामाला २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीतील प्रथिने कापण्याचे काम 'कॅस्पेज' नावाची एन्झाइम कात्रीसारखे करतात. हृदयविकाराच्या झटक्यात वाचू शकणाऱ्या पेशीही या कात्रीत सापडतात. म्हणून तिला अडवणाऱ्या पदार्थाचा शोध चालू आहे.

हा शोध कसा घेतात? बुरशी वाळवून, कुटून अल्कोहोलमध्ये भिजवतात. गाळून आटवले की अर्क तयार. मग एन्झाइमसोबत असा पदार्थ ठेवतात, जो कापला गेला की चमकतो. अर्क घातल्यावर चमक कमी झाली तर आशा वाटते. पण अर्काचा गडद रंगही चमक झाकू शकतो. शिवाय अर्कात अनेक पदार्थ मिसळलेले असतात. त्यांतला नेमका कोणता काम करतो, हे एकेक वेगळा काढून तपासावे लागते.

१९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एका अ‍ॅस्परजिलस बुरशीतून 'ई-६४' हा पदार्थ मिळवल्याचे प्रसिद्ध केले. पपईच्या चिकातले पपेन तो बंद पाडतो. कॅस्पेजचे काम पपेनसारखेच चालते, तरी ई-६४ त्याला फारसा अडवत नाही. कुलूप बनवणाऱ्या कारागिराला हे सांगायला नको : कुलपे दिसायला सारखी असली तरी किल्ली एकच लागते असे नाही.

आणखी एक धोका आहे. पेशींचे मरण सरसकट थांबवले तर ज्या पेशी मरायला हव्यात, त्याही जगतील. कर्करोगात नेमके हेच घडते. कॅस्पेज रोखण्यासाठी प्रयोगशाळेत बनवलेले 'एमरिकासन' हे औषध यकृताच्या रुग्णांवरील चाचण्यांत २०१९ मध्ये अपेक्षित गुण दाखवू शकले नाही.

तरी बुरशीला कमी लेखू नये. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिले जाणारे सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतील बुरशीतूनच मिळाले. पण मातीच्या नमुन्यापासून मान्यताप्राप्त औषधापर्यंत एका तपाहून अधिक काळ गेला.

व्यापारी बांधवांनी एवढे पाहावे : बुरशीची नेमकी जात, तपासणीचा अहवाल आणि परवाना. कर्करोग, मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मशरूम खाद्य म्हणून विकायचे तर खुशाल विका. त्याला औषधाचे नाव देऊ नका. गिऱ्हाइकाचा विश्वास हेच दुकानाचे खरे भांडवल आहे.