पांढऱ्या साक्याची साक्ष

तुरटीचें पाणी आणि धुण्याच्या सोड्याचें पाणी शेजारीं ठेविलें, तर दोन्ही डोळ्यांना सारखींच निर्मळ दिसतात. परंतु त्यांतील विद्युद्भारित कण भिन्न असतात. ह्या कणांचें 'आयन' हें नांव फॅरडे ह्या शास्त्रज्ञानें १८३४ सालीं रूढ केलें. तुरटींत सल्फेट आयन असतो, सोड्यांत कार्बोनेट. ते ओळखावे कसे?

माझा विषय संस्कृत. शास्त्राचे शिक्षक रजेवर असतां एकदां प्रयोगाचा तास मजकडे आला. एका विद्यार्थ्यानें दिलेलें द्रावण तपासून 'कार्बोनेट' असें लिहिलें. पडताळ्यासाठीं मीं त्यांत बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले. तत्काळ दाट पांढरा साका पडला. सल्फेट असल्यास पांढरा साका पडतो, एवढें मीं पुस्तकांत वाचलें होतें. मीं त्याचें उत्तर खोडलें व वर्गासमोर त्यास बोल लाविला.

तो नम्रपणें म्हणाला, "सर, थोडें आम्ल घालून पाहावें."

पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालतांच बुडबुडे उठले आणि साका पाहतां पाहतां नाहींसा झाला! बेरियम कार्बोनेटही पांढरेंच असतें. पण आम्लांत तें विरघळतें व कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो. बेरियम सल्फेट मात्र आम्लास दाद देत नाहीं. म्हणून सल्फेट शोधतांना आधीं आम्ल घालतात, मग बेरियम क्लोराइड.

साध्य असतां आढळतो आणि नसतांही आढळतो, अशा हेतूस न्यायशास्त्र 'सव्यभिचार' म्हणतें. त्यावरून अनुमान करूं नये. वर्षानुवर्षें मुलांना हें शिकविणारा मीच त्या दिवशीं पांढऱ्या रंगास भुललों.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. जठराची क्ष-किरण तपासणी करतांना रोग्यास बेरियम सल्फेट पाजतात. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. पण सल्फेट जठरांतील आम्लांतही विरघळत नसल्यामुळें निरुपद्रवी ठरतें. तसेंच पांढरें दिसणारें बेरियम कार्बोनेट त्याच आम्लांत विरघळतें. तें उंदीर मारण्याकरितां वापरलें गेलें आहे. दिसण्यांत एक, परिणामांत औषधालय आणि स्मशान!

आम्लाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. क्लोराइड शोधतांना सिल्व्हर नायट्रेटबरोबर नायट्रिक आम्ल घालतात. हायड्रोक्लोरिक घातल्यास त्यांतीलच क्लोराइड साका पाडील. साक्षीदाराच्या तोंडीं उत्तर आपणच घालण्यासारखें तें होय.

बेरियम क्लोराइड विषारी असल्यानें हा प्रयोग घरीं करूं नये. मुलांना गंमत दाखवावयाची असेल, तर सोड्यावर लिंबाचा रस पिळावा, तो फसफसेल. तुरटीवर पिळल्यास फसफसणार नाहीं.

त्या दिवशीं मीं खोडलेलें उत्तर पुन्हां लिहिलें आणि सर्व वर्गासमोर चूक कबूल केली. घरांत एखाद्या मुलावर आळ घेण्यापूर्वीं आतां मी दुसरी खूण शोधतों. पहिली खूण बहुधा पांढरा साकाच असते.